दुसऱ्या भूमिकेचा प्रश्न

१९४७ सालच्या मार्च महिन्यात लॉस एंजेलिस येथे झालेल्या ऑस्कर समारंभात हॅरल्ड रसेल या माजी सैनिकाला, ज्याने धंदेवाईक नट म्हणून त्यापूर्वी एकही भूमिका केलेली नव्हती, एकाच भूमिकेबद्दल दोन सुवर्णमूर्ती बहाल करण्यात आल्या. आणि असा मान त्याच्या आधी कोणाला मिळाला नव्हता, त्याच्या नंतरही आजतागायत कोणाला मिळालेला नाही. १९४४ च्या ६ जून रोजी, म्हणजे मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरत होत्या त्याच दिवशी, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका लष्करी तळावर प्रशिक्षण देत असता, स्फोटकाची वात सदोष निघाल्यामुळे हातातच स्फोट होऊन त्याचे दोन्ही हात गेले होते. हातांच्या जागी बसविलेल्या पोलादी आकड्यांनी नित्याचे सर्व व्यवहार तो नव्याने शिकला, आणि अशा जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाविषयी लष्कराने काढलेल्या एका माहितीपटात झळकला. तो माहितीपट दिग्दर्शक विल्यम वायलर याच्या पाहण्यात आला. युद्धावरून घरी परतलेल्या तीन सैनिकांची कथा सांगणाऱ्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्‌ज' या आपल्या चित्रपटात त्याने होमर नावाच्या खलाशाचे पात्र रसेलच्या बेतानेच बदलून घेतले. आणि निर्मात्याने या नवख्या माणसाला अभिनयाच्या शिकवणीला धाडल्याचे कळताच, त्याची स्वाभाविकता बिघडेल या भयाने, ती शिकवणी तत्काळ बंद करविली. होमर आपल्या वाग्दत्त वधूला स्वतःच्या खोलीत नेतो, आकड्यांचे पट्टे उतरवून दाखवितो, आणि ते उतरल्यावर मिटलेले दारही आपल्याला उघडता येत नाही हे तिला शांतपणे सांगतो, तो प्रसंग आजही पाहणाऱ्याच्या काळजाचा ठाव घेतो. कारण त्यात करुणेची याचना नाही, केवळ वस्तुस्थितीचे निवेदन आहे.

परंतु या गौरवगाथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. ज्या वायलरने त्याला पडद्यावर आणले त्यानेच, हात नसलेल्या नटासाठी या धंद्यात फारशा भूमिका निघणार नाहीत, तेव्हा कॉलेजात परत जाऊन शिक्षण पुरे करावे, असा सल्ला त्याला दिला. रसेलने तो मानला, बॉस्टन विद्यापीठाची पदवी घेतली, माजी सैनिकांच्या संघटनेचे नेतृत्व केले आणि पुढे अपंगांच्या रोजगाराविषयी राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही भूषविले. त्याचे आयुष्य वाया गेले असे कोणी म्हणू शकणार नाही. पण नट म्हणून त्याची कारकीर्द सन्मानाच्या त्या रात्रीच जवळजवळ संपुष्टात आली, आणि मोठ्या पडद्यावर त्याला पुन्हा एखादी उल्लेखनीय भूमिका मिळेपर्यंत १९८० साल उजाडले. वायलर दुष्ट नव्हता. त्याचा सल्ला आपुलकीचा होता आणि त्या काळाच्या हिशेबाने व्यवहार्यही होता. नेमके हेच चिंताजनक आहे की, ज्या कलावंताला त्या धंद्याने सर्वोच्च सन्मान दिला, त्याला उद्याचे काम देण्याची तजवीज मात्र त्या धंद्याजवळ नव्हती.

अपंग कलावंतांच्या कारकिर्दीचा विचार करताना आपण पहिल्या भूमिकेपाशी फार वेळ थांबतो. पहिली भूमिका बहुधा नवलाईने मिळते: कलावंताच्या अपंगत्वाची हकीकत हाच कथेचा विषय असतो, वृत्तपत्रांना मजकूर मिळतो, प्रेक्षक भारावून जातात, पारितोषिके चालून येतात. नटाचा धंदा मात्र एका भूमिकेवर चालत नाही. वकिलाला जशी दुसरी फिर्याद लागते तशी नटाला दुसरी, तिसरी, विसावी भूमिका लागते. आणि या पुढच्या भूमिकांत त्याचे अपंगत्व हा कथेचा विषय असण्याचे कारण नसते. म्हणून एखाद्या देशाच्या चित्रपटसृष्टीने अपंग कलावंताला न्याय दिला की नाही हे ठरवावयाचे असेल, तर त्याला पहिली भूमिका कोणती मिळाली हे न विचारता दुसरी कोणती मिळाली हे विचारले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

आपल्या देशातील सर्वांत जुने ठळक उदाहरण म्हणजे कलकत्त्याचे कृष्णचंद्र डे, ज्यांना सारा हिंदुस्थान के. सी. डे या नावाने ओळखत असे. १८९३ साली जन्मलेल्या या गायकाची दृष्टी किशोरवयातच गेली. परंतु बंगाली रंगभूमीवर आणि नंतर न्यू थिएटर्सच्या बोलपटांत त्यांनी आपल्या आवाजाच्या बळावर असे स्थान मिळविले की, 'पूरन भगत', 'देवदास', 'विद्यापती' अशा चित्रपटांतून त्यांचे दर्शन झाले म्हणजे लोक ती गाणी ऐकण्यासाठी पुन्हापुन्हा थिएटरात जात. मन्ना डे हे त्यांचेच पुतणे. १९४२ साली काकांबरोबरच ते मुंबईस आले. के. सी. डे यांना दुसरी भूमिका मिळाली, दहावीही मिळाली; पण ती बहुधा एकच भूमिका असे. आंधळा गायक, आंधळा भक्त, संसारापासून अलिप्त राहून सत्य सांगणारा वैरागी, या चाकोरीबाहेर पडद्याने त्यांना फारसे जाऊ दिले नाही. त्यांना प्रपंच, हेवा, प्रेम, व्यवहार यांपैकी काही असू शकते अशी कल्पना लेखकांना सुचली नसावी. काम होते, कीर्तीही होती. माणसाचे संपूर्ण रूप मात्र नव्हते.

यामागे आपल्या कथापरंपरेची एक जुनी सवय आहे. देहातील व्यंग हे मनातील गुणाचे किंवा दोषाचे चिन्ह मानावे, ही ती सवय होय. सूरदासाचे अंधत्व म्हणजे अंतर्दृष्टी, मंथरेचे कुबड म्हणजे कपट, असे समीकरण बाळपणापासून आपल्या मनावर ठसलेले असते. आणि दूरदर्शनवरील 'महाभारता'त शकुनी लंगडत चालतो तेव्हा त्याचा डाव सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षकाला त्याची नियत कळलेली असते. एका बाजूस संत, दुसऱ्या बाजूस खल, आणि मध्ये दयेस पात्र असा अनाथ: अपंग पात्रासाठी चित्रपटाने इतक्याच जागा राखून ठेवल्या. कचेरीतला कारकून, शाळेतली बाई, बँकेतला अधिकारी, चाळीतला भांडखोर शेजारी यांपैकी कोणी कुबडी घेऊन चालणारा असू शकतो, आणि त्या कुबडीविषयी कथेला काहीच सांगावयाचे नसते, ही साधी गोष्ट पडद्यावर यावयास फार काळ लागला.

या पार्श्वभूमीवर ललिता पवार यांची कारकीर्द पाहिली म्हणजे तिचे मोल अधिक कळते. १९१६ साली नाशिक जिल्ह्यातील येवले येथे जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांच्या जमान्यात लहानपणीच पडद्यावर आल्या, नायिका झाल्या, स्वतः चित्रपटांची निर्मितीही त्यांनी केली. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात, भगवान यांनी प्रसंगानुरूप मारलेली चपराक प्रमाणाबाहेर जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. उपचारांत वर्षे गेली. जिचे सारे भांडवल चेहरा, त्या नायिकेची कारकीर्द अशा आघातानंतर संपली, असेच कोणीही धरून चालला असता. ललिताबाईंनी तसे धरले नाही. नायिकेचे पद सोडून त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ त्यांनी हिंदी व मराठी पडदा असा गाजविला की, खाष्ट सासू म्हटले की त्यांचाच चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहू लागला.

बारकावलेल्या डोळ्याचा उपयोग निर्मात्यांनी कपट दाखविण्यासाठी करून घेतला हे नाकारता येत नाही, आणि १९८७ साली रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेतील मंथरा त्यांच्याच वाट्याला आली हाही केवळ योगायोग नव्हे. परंतु 'श्री ४२०' मधील केळी विकणारी प्रेमळ गंगामाई आणि 'अनाडी' मधील वरून कडक, आतून मेणाहून मऊ असलेली मिसेस डिसा याही त्यांच्याच. या दुसऱ्या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. डोळा तोच होता. कधी त्यातून विखार बरसला, कधी वात्सल्य. देहाचे चिन्ह आणि मनाचा गुण यांचा काही संबंध नाही, हे ललिताबाईंनी कोणतेही भाषण न करता, केवळ काम करून सिद्ध केले. त्यांना ते करता आले याचे श्रेय त्यांच्या तपश्चर्येला तर आहेच, पण सासू, आई, मोलकरीण, घरमालकीण अशा माणसांची गरज असलेल्या त्या वेळच्या कथांनाही आहे. चित्रपटात नायक-नायिकांखेरीज इतर माणसांना जागा असते तेव्हाच अशा कारकिर्दी उभ्या राहतात.

सुधा चंद्रन यांची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे, पण तीही लोक अर्धीच सांगतात. मुंबईत वाढलेल्या आणि लहानपणापासून भरतनाट्यम् शिकलेल्या या मुलीला १९८१ साली तामिळनाडूत बसच्या अपघातात पायाला दुखापत झाली, जखम चिघळली आणि उजवा पाय कापावा लागला. जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सिद्ध केलेला रबरी पाय, ज्याने अनवाणी चालता येते आणि मांडी घालून बसताही येते, त्याच्या आधाराने वेदना सोसत तिने पुन्हा नृत्य आत्मसात केले आणि १९८४ साली ती रंगमंचावर परतली. त्यावरून तेलुगू 'मयूरी' आणि मग १९८६ साली हिंदी 'नाचे मयूरी' निघाला; दोहोंत स्वतःची भूमिका तिनेच केली, आणि 'मयूरी'बद्दल राष्ट्रीय पारितोषिकात परीक्षकांनी तिचा विशेष गौरव केला. इथपर्यंतची कथा शालेय पुस्तकांतूनही आढळते. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. २००१ साली 'कहीं किसी रोज' या मालिकेत रमोला सिकंद नावाची, भरजरी साड्या आणि भव्य टिकल्या मिरविणारी, सत्तेची हाव असलेली सासू तिने रंगविली आणि घरोघरच्या प्रेक्षकांनी तिचा मनसोक्त तिरस्कार केला. त्या तिरस्कारात तिच्या पायाचा विचार कोठेच नव्हता. जिच्या धैर्याबद्दल सारा देश हळहळला होता, तिचा नटी म्हणून निखळ राग करण्याची मुभा प्रेक्षकांना मिळाली, हीच तिच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कमाई होय, असे मी समजतो.

परदेशातही हीच कसोटी लावून पाहावी. मार्ली मॅटलिन या कर्णबधिर अभिनेत्रीला 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' या चित्रपटाबद्दल १९८७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सर्वश्रेष्ठ अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. रसेलच्या आणि तिच्या विजयात चाळीस वर्षे गेली होती. पण तिच्या बाबतीत फरक असा की, दूरचित्रवाणीने तिला काम देत ठेवले. 'द वेस्ट विंग' या राजकीय मालिकेत तिने मतचाचण्या घेणाऱ्या चतुर सल्लागाराची भूमिका केली. तेथे ती खुणांच्या भाषेत बोलते, दुभाषा ते बोलून दाखवितो, आणि चर्चा चालते ती निवडणुकीची. पुढे 'कोडा' या चित्रपटाच्या वेळी, तिच्या पतीची भूमिका ऐकू येणाऱ्या एखाद्या प्रसिद्ध नटाला द्यावी असा भांडवल पुरविणाऱ्यांचा आग्रह होता. तेव्हा, तसे झाले तर मीही काम सोडीन, असे तिने बजाविले. ती भूमिका कर्णबधिर नट ट्रॉय कॉट्सर याला मिळाली, २०२२ साली त्याला ऑस्कर मिळाले, आणि चित्रपट त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ठरला. ज्या फ्रेंच चित्रपटावरून 'कोडा' बेतला होता त्यात कर्णबधिर आईवडिलांची कामे ऐकू येणाऱ्या नटांनी केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे एका कलावतीच्या शब्दाला किती वजन आले होते ते कळते; आणि ते वजन एका पारितोषिकाने नव्हे, तर पस्तीस वर्षांच्या अखंड कामाने आले होते. इंग्लंडात 'सायलेंट विटनेस' या मालिकेत चाकांच्या खुर्चीतून वावरणाऱ्या लिझ कार हिने २०१३ पासून २०२० पर्यंत न्यायवैद्यक तज्ज्ञाचे काम केले. तिची खुर्ची सर्वांना दिसत होती, पण लोक मालिका पाहत ते गुन्ह्याचा उलगडा होण्यासाठी.

आपल्याकडे अभिनया या दाक्षिणात्य अभिनेत्रीचे उदाहरण तर अपूर्व आहे. जन्मतः कर्णबधिर असलेल्या आणि बोलू न शकणाऱ्या या तरुणीने २००९ सालच्या 'नाडोडिगळ' या तमिळ चित्रपटात चक्क बोलणाऱ्या मुलीचे काम केले. संवाद आधी पाठ करावयाचे, समोरच्याच्या ओठांवर आणि खुणांवर लक्ष ठेवून नेमक्या क्षणी आपले ओठ हलवावयाचे, आणि आवाज मागाहून दुसरीने द्यावयाचा, अशी ही पद्धत. आपल्या चित्रपटांत कित्येक नामांकित नट्यांचा आवाज उसना असतो. मग ती सोय एका कर्णबधिर कलावतीसाठी का वापरू नये, हा विचार ज्यांना सुचला त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच. धंद्यात आधीपासून असलेल्या साधनांतूनच वाट काढता येते, त्यासाठी वेगळ्या खजिन्याची गरज नसते, हे यावरून दिसते.

या चर्चेत एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. अभिनय म्हणजे परकायाप्रवेश. जो नाही ते होऊन दाखविणे हाच नटाचा धर्म. मग अंधाची भूमिका डोळस नटाने केली तर बिघडले कोठे? गुलजार यांच्या 'कोशिश'मध्ये संजीवकुमार व जया भादुरी यांनी, आणि सई परांजपे यांच्या 'स्पर्श'मध्ये नसीरुद्दीन शाह यांनी केलेली कामे आठवली की हा आक्षेप पोकळ नाही हे कबूल करावे लागते. संजीवकुमार आणि नसीरुद्दीन या दोघांनाही त्या भूमिकांबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि ते सर्वथा योग्य होते. 'स्पर्श'मध्ये तर दिल्लीच्या अंधशाळेतील खरी मुले पडद्यावर आहेत, आणि चित्रपटाचे पुष्कळसे चैतन्य त्या मुलांमुळेच आहे. नटाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यावे असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण परकायाप्रवेशाचा अधिकार सर्वांना असेल तर तो दोन्ही बाजूंनी असला पाहिजे. आज धडधाकट नट अपंगाची भूमिका करून पारितोषिके मिळवितो. अपंग नटाला मात्र बहुधा ना धडधाकट माणसाची भूमिका मिळते, ना अपंगाची. दार एकाच बाजूने उघडत असेल तर त्याला कलेचे स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. हा इनसाफाचा मामला आहे, आणि कलेच्या नावाखाली तो दप्तरी दाखल करून बाजूस ठेवणे योग्य नव्हे.

दुसरी भूमिका न मिळण्याची कारणे पुष्कळदा अत्यंत रोकडी असतात. भूमिकेसाठी चाचणी जेथे घेतली जाते त्या जागी जिना असतो, लिफ्ट नसते. नटांसाठी उभ्या केलेल्या व्हॅनिटी व्हॅनच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. स्टुडिओच्या जमिनीवर ट्रॉलीचे रूळ आणि वायरींचे जाळे पसरलेले असते. बाहेरगावच्या चित्रीकरणात वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसते. मालिकांचे काम दिवसाकाठी बारा-बारा तास चालते, आणि कृत्रिम पाय तितका वेळ चढवून ठेवणे म्हणजे काय यातना असतात याची कल्पना वेळापत्रक आखणाऱ्याला नसते. पटकथा ऐनवेळी हाती पडते. ती अंध कलावंताला ध्वनिरूपात किंवा ब्रेलमध्ये मिळावी ही अपेक्षा कोणाच्या ध्यानीही येत नाही. कामासाठी करावा लागणारा प्रवासही याला अपवाद नाही: विमानतळावरील तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो अशी व्यथा २०२१ साली सुधा चंद्रन यांनी जाहीरपणे मांडली, तेव्हा सुरक्षादलाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. यांतील प्रत्येक अडचण लहान आहे आणि प्रत्येकीवर इलाज आहे: एक उतरण, एक दुभाषा, आदल्या दिवशी दिलेले संवाद, इशाऱ्यासाठी आवाजाऐवजी दिवा. पण अडचणी एकत्र झाल्या की निर्माता 'यात फार उपद्व्याप आहे' असे म्हणून दुसऱ्या नटाला बोलावितो, आणि कोणीही अन्याय केलेला नसताना अन्याय होऊन जातो.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २०१६ च्या अपंग हक्क अधिनियमाने मान्य केलेले अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. जुलै २०२४ मध्ये, 'आँख मिचोली' या चित्रपटाविषयीच्या एका प्रकरणात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अपंगांचे चित्रण कसे असावे याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अपंगांची हेटाळणी करणारा विनोद आणि अपंगत्व समजावून देणारा विनोद यांतील भेद न्यायालयाने स्पष्ट केला, आणि अपंगांविषयी काही निर्माण करताना त्यांना त्यात सहभागी करून घ्यावे या तत्त्वावर भर दिला. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु न्यायालय चित्रणाला वळण लावू शकते. भूमिका लिहू शकत नाही. ते काम लेखकाचे, दिग्दर्शकाचे आणि निर्मात्याचे आहे.

मराठी चित्रपटाने यात मागे न राहता एक चांगला पायंडा पाडला आहे. २०१४ साली प्रदर्शित झालेल्या महेश लिमये यांच्या 'यलो' या चित्रपटात, डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली, आणि लहानपणीची गौरी संजना राय या मुलीने उभी केली. दोघींचाही राष्ट्रीय पारितोषिकांत विशेष उल्लेख झाला. २०२५ साली आलेल्या 'सितारे ज़मीन पर' या हिंदी चित्रपटात तर बौद्धिक विकासात वेगळेपण असलेले दहा कलावंत एकदम पडद्यावर आले, आणि त्यांतील सिमरन मंगेशकर व आशिष पेंडसे ही नावे पाहून मराठी वाचकाला साहजिकच आनंद वाटेल. प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. तेव्हा प्रेक्षकांची तयारी नाही ही सबब यापुढे कोणाला सांगता येणार नाही.

या कलावंतांचे सत्कार झाले, मुलाखती झाल्या, आणि त्या व्हावयासच हव्या होत्या. पण सत्काराच्या शालीने वर्षाचा चरितार्थ चालत नाही आणि नटाची भूकही भागत नाही. मराठी मालिकांतून रोज शेकडो पात्रे घरोघरी येतात: जावा-नणंदा, डॉक्टर, पोलीस, दुकानदार, मित्रमैत्रिणी. या पात्रांपैकी काही, कथेत एका शब्दाचाही बदल न करता, अपंग कलावंतांना देता येतील. त्यासाठी लागते ती केवळ चाचणीला बोलावण्याची इच्छा, जिन्याऐवजी तळमजल्यावरची खोली, आणि पात्राचे वर्णन लिहिताना त्याचा देह आधीच ठरवून न टाकण्याचा संयम. निर्मात्यांनी एवढे केले, आणि आपण प्रेक्षकांनी त्या कलावंतांना दयेने न पाहता इतर नटांइतक्याच चोखंदळपणे पाहिले, चांगले केले तर वाखाणले आणि वाईट केले तर तसे स्पष्ट सांगितले, तर वायलरने रसेलला दिलेला तो आपुलकीचा सल्ला पुन्हा कोणाला देण्याची वेळ येणार नाही. गुणी कलावंताला त्याच्या पहिल्या यशानंतर धंदा सोडण्याचा सल्ला द्यावा लागणे हे त्या धंद्याचेच अपंगत्व आहे, आणि ते दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.